पॉपर नीट चालावा म्हणून खालच्या कातळावर उतरायचे नसते

गेल्या आठवड्यात पुण्याहून माझ्या भाच्याने एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, ‘मामा, यातला कोणता पॉपर घेऊ? मे महिन्यात देवगडला येतोय, खालच्या कातळावरून गरवू या.’ ‘टॉपवॉटरचे पाच सुवर्णनियम’ (टॉपवॉटर म्हणजे ल्युअर, अर्थात गळ लावलेला नकली मासा, पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढत केलेली मासेमारी) असा मथळा असलेला हा संदेश मला याआधीही तीनदा आला होता आणि मी तो सोडून दिला होता. आता तो घरातल्या मुलापर्यंत पोहोचला आहे, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

त्यातले नियम थोडक्यात असे. पॉपर, म्हणजे तोंडाशी खोलगट वाटी असलेला आणि ओढला की पाण्यावर वाजणारा ल्युअर, जितका मोठा आणि जितका दणदणीत वाजेल तितका मासा मोठा, म्हणून तो न थांबता ओढावा. लाल डोके आणि पांढरे अंग सोडून दुसऱ्या रंगावर पैसे घालवू नयेत. प्रत्येक ल्युअरपुढे पोलादी तार लावावी. पाणी फुटलेले दिसताच पूर्ण ताकदीने हिसका द्यावा. आणि पाचवा नियम असा, की उंचावरून ल्युअर नीट चालत नाही, म्हणून पाण्यालगतच्या कातळावर उतरावे. वारा पडलेला असेल आणि अंदाजात लाट 2 मीटरच्या आत असेल, तर धोका नाही.

मी पाचव्यापासून सुरुवात करतो, कारण पहिले तीन पाळले तर फार तर मासा जाईल, हा पाळला तर माणूस जाईल. यात अर्धे सत्य आहे आणि ते मला मान्य करावे लागते: उंचावरून ओढताना दोरी ल्युअरचे नाक वर उचलते, पॉपरची खोलगट वाटी पाणी धरत नाही आणि तो पृष्ठभागावरून नुसता उडत येतो. पण हे किती अंतरावर घडते, ते लिहिणाऱ्याने मोजलेले दिसत नाही. 6 मीटर उंचीच्या कड्यावरून 40 मीटरवर पडलेल्या ल्युअरकडे जाणारी दोरी पाण्याशी जेमतेम साडेआठ अंशांचा कोन करते. तोच ल्युअर 10 मीटरवर आला की कोन 31 अंशांच्या आसपास जातो. म्हणजे अडचण शेवटच्या काही मीटरांची आहे, आणि तिच्यावरचा उपाय ल्युअरच्या निवडीत आहे. लांब फेकता येणारा, शेपटीकडे वजन असलेला पॉपर किंवा स्टिकबेट, म्हणजे वाटी नसलेला लांबट ल्युअर, घ्यावा, रॉडचे टोक खाली धरून लांब, सावकाश ओढ द्यावी, आणि ल्युअर जवळ येऊ लागला की वेग कमी करावा. लाटा उंच असतील तर हळू बुडणारा स्टिकबेट उंचावरूनही पाणी धरून चालतो.

आता त्या ‘2 मीटर’विषयी. लाटांचे अंदाज आणि इशारे हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था देते, आणि तिच्या अंदाजातली लाटेची उंची ही सर्वांत मोठ्या लाटेची उंची नसते. एकामागून एक आलेल्या लाटांपैकी सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. त्यामुळे अंदाज 2 मीटरचा असताना एखादी लाट जवळजवळ दुप्पट उंचीची येऊ शकते, आणि ती येण्यात काहीही विपरीत नसते. वारा पडलेला असणे हाही पुरावा नव्हे. हिंदी महासागराच्या दूर दक्षिणेत वादळी वाऱ्यांनी उठवलेली लाट हजारो किलोमीटर चालून आपल्या किनाऱ्यावर येते, तेव्हा इथे पानही हलत नसते. केरळात अशा अचानक चढणाऱ्या समुद्राला ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, असे नाव आहे, आणि तो बहुधा एप्रिल-मे महिन्यांतच येतो. ज्या सुट्टीत आपली मुले गरी घेऊन गावी येतात, तेच हे दिवस. अशा लाटा टोळीने येतात. मध्ये कित्येक मिनिटे पाणी कातळाला नुसते चाटत राहते, आणि तेवढ्या वेळात खालची पायरी सुरक्षित वाटू लागते. कातळ जिथे ओला, काळा आणि शेवाळलेला आहे, तिथवर पाणी येते हे तो कातळच सांगत असतो. उधाणाच्या भरतीला तर तिथे पाऊल ठेवू नये. वर उभे राहून निदान अर्धा तास लाटा पाहाव्यात, अंगात लाइफ जॅकेट असावे, आणि मासा वर घेण्यासाठी दोरीला बांधलेले जाळे खाली सोडावे. ते जमत नसेल तर गळाची दोरी तोडून मासा जाऊ द्यावा.

हिसक्याचा नियमही घातक आहे. मोठा मासा पृष्ठभागावरच्या ल्युअरवर पहिल्या झडपेत अनेकदा चुकतो; तेव्हा हिसका दिला तर भक्ष्य त्याच्या तोंडासमोरून निघून जाते, आणि 60 ग्रॅमचा, दोन तिहेरी गळांचा तो लाकडी तुकडा सरळ आपल्या तोंडावर येतो. जिताडा तर भक्ष्य पाण्यासकट आत ओढून घेतो, त्यामुळे ताणलेल्या दोरीवरच्या ल्युअरपेक्षा ढिल्या दोरीवर थांबलेला ल्युअर त्याच्या तोंडात सहज जातो. पाणी फुटले तरी हिसका न देता ओढ-विसाव्याची आधीचीच लय चालू ठेवावी, वजन हाताला लागले की मगच रॉड उचलून ताण द्यावा. डोळ्यांवर चष्मा असावा आणि गळाचे काटे पकडीने दाबून ठेवावेत.

उरलेल्यांचे लवकर आटोपतो. खवळलेल्या, गढूळ पाण्यात खोल वाटीचा वाजणारा पॉपर खरोखर उपयोगी पडतो; पण खाडीच्या स्थिर, उथळ पाण्यात तोच दणका मासा पळवून लावतो, आणि तिथे डावी-उजवीकडे डुलत येणारी छोटी ‘पेन्सिल’, म्हणजे वाटी नसलेला निमुळता ल्युअर, बरी. न थांबता ओढणे सुरमईला चालते, कोकर आणि तांबोशीला मात्र मधला विसावा हवा असतो. लाल डोक्याने मासे लागतात, ते मीही मारले आहेत. तरी समोर पेडव्यांसारखे लहान मासे उड्या मारत असतील तर रंगाआधी ल्युअरची लांबी त्यांच्याशी जुळवावी. तारेमुळे लहान ल्युअरचे नाक बुडते, म्हणून ती सुरमईपुरती ठेवावी. एरवी जाड नायलॉनचा लीडर, म्हणजे मुख्य दोरी आणि ल्युअर यांच्यामधला दोरीचा तुकडा, पुरतो, कारण तो फ्लोरोकार्बन या दुसऱ्या प्रकारच्या दोरीपेक्षा हलका असल्याने ल्युअरला खाली खेचत नाही.

भाच्याला मी 50 ग्रॅमचा तरंगणारा स्टिकबेट आणि तेवढ्याच वजनाचा, शेपटीकडे जड असलेला एक पॉपर घ्यायला सांगितले आहे. जाळे आणि दोरी माझ्याकडे आहे. आम्ही वरच्या कातळावरूनच गरवणार आहोत.