भिंतीवरची पाण्याची रेघ

23 सप्टेंबर 2023 रोजी आईचा फोन आला तेव्हा नागपुरात पहाटेचे साडेचार वाजले होते आणि मी राहतो त्या ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनमध्ये सकाळचे नऊ. "पाणी स्वयंपाकघरात आलं रे, बाबा सिलिंडर उचलताहेत," एवढे बोलून तिने फोन ठेवला. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला होता, अंबाझरी तलाव भरून वाहत होता आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांतील माणसे झोपेतून उठून थेट पाण्यातच पाय टाकत होती. आई-बाबा वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेले म्हणून वाचले. मात्र तसे आधी कोणी ठरवलेले नव्हते.

त्यानंतर नागपुरात जो वाद सुरू झाला तो मी इथून सातत्याने वाचत आलो आहे. अंबाझरी तलावाच्या सांडव्यासमोरील विवेकानंद स्मारकामुळे प्रवाह अडला का, शहरातून वाहणाऱ्या नाग नदीचे पात्र कोणी अरुंद केले, 1870 साली बांधलेल्या तलावाचा बांध किती भक्कम आहे, हे प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले आणि ते जायलाच हवे होते. तरीही या साऱ्या चर्चेत मला एक प्रश्न क्वचितच दिसतो: पुढच्या वेळी पहाटे पाणी आले, तर तळमजल्यावरच्या सत्तरीच्या जोडप्याने नेमके काय करायचे?

मी ज्या शहरात राहतो तेही पुराचेच आहे. ब्रिस्बेन नदीची पातळी 1974 मध्ये 5.45 मीटर, 2011 मध्ये 4.46 मीटर आणि फेब्रुवारी 2022 मध्ये 3.85 मीटरपर्यंत चढली. 2011 नंतर येथेही विव्हेनहो धरणातून पाणी कधी सोडायला हवे होते यावर वर्षानुवर्षे खटला चालला, त्यामुळे दोषाचा शोध फक्त आपल्याकडेच घेतला जातो असे नाही. फरक असा की, त्या भांडणासोबत घराघराची माहितीही लोकांच्या हाती आली. महापालिकेच्या संकेतस्थळावर घराचा पत्ता टाकला की त्या जागी पुराचे पाणी किती उंचीपर्यंत येऊ शकते हे कोणालाही विनामूल्य पाहता येते. इशारेही तीन पायऱ्यांचे असतात, आणि प्रत्येक पायरीवर माहिती ठेवा, निघण्याची तयारी करा की जीव वाचवा, हे सांगितलेले असते. महाराष्ट्रात नद्यांना निळी आणि लाल पूररेषा असते, पहिली 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि दुसरी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. परंतु ती रेषा बांधकाम परवानगीच्या नकाशावर राहते, आपल्या उंबरठ्यापर्यंत येत नाही.

म्हणून ब्रिस्बेनचे सगळे नियम उचलून नागपुरात लावावेत, असे मात्र मी म्हणणार नाही. इथली मोठी नदी चढायला बहुधा एक-दोन दिवस घेते. तेवढ्या अवधीत गाडी भरून उंचावरच्या नातेवाइकांकडे जाता येते. नाग नदी तशी नाही. ती इथल्या ओढ्यांसारखी आहे, ज्यांचे पाणी तासाभरात चढते, आणि 2022 मध्ये इथेही त्या ओढ्यांनी कित्येकांना घराबाहेर पडायला वेळच दिला नव्हता. पहाटेच्या अंधारात, उघड्या गटारांच्या आणि बुडालेल्या दुभाजकांच्या रस्त्यावर बाहेर पडणे हे घरात थांबण्यापेक्षा धोक्याचे ठरू शकते. रात्री निघायचे तर ते पाणी यायच्या आधीच. ती वेळ गेली की नागपूरच्या धर्मपेठेतल्या तळमजल्यासाठी स्थलांतर म्हणजे जिना चढणे. आणि जिना चढायचा तर वरच्या घराचे दार आपल्यासाठी उघडेल, हे उन्हाळ्यातच बोलून ठरवलेले असले पाहिजे.

आमच्या घरी आता तसे ठरले आहे. रजिस्ट्री, आखीव पत्रिका, विम्याचे आणि बँकेचे कागद एका जलरोधक पिशवीत, आणि त्याच पिशवीत बाबांच्या आठवड्याच्या गोळ्या, चष्मा, विजेरी आणि कागदावर लिहिलेले फोन क्रमांक, कारण भिजलेल्या मोबाइलमधला एकही नंबर त्या रात्री आईला आठवत नव्हता. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर होती, ती भिंतीतल्या कठड्यावर गेली. मुख्य स्विच पाणी आत येण्यापूर्वी बंद करायचा. पाय पाण्यात असताना त्याला हात लावायचा नाही. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचा आणि सिलिंडर साखळीने बांधून ठेवायचा, नाहीतर तो पाण्यावर तरंगतो. एक गोष्ट मी ब्रिस्बेनमध्येच शिकलो: पाणी दारातून येण्याआधी अनेकदा न्हाणीघराच्या जाळीतून आणि संडासातून उलटे वर येते, म्हणून तिथे वाळूच्या पिशव्या ठेवायच्या. हे आमच्या घरी कोणाच्याही ध्यानात नव्हते. सगळे पुढचे दार अडवण्यात गुंतले होते.

घराने तयारी करावी असे म्हटले की महापालिकेची जबाबदारी कमी होते, ही भीती नागपुरातील मित्र बोलून दाखवतात आणि ती रास्त आहे. झोपडीत एकच खोली असलेल्या कुटुंबाकडे ना वरचा मजला ना बॅटरी ठेवायचा कठडा. त्यांना सुरक्षित जागी नेणे हे शासनाचेच काम. पण माझ्या मते दोन्ही मागण्यांचे मूळ एकच आहे: माझ्या दारात किती पाणी येते, हे मला सांगा. तो आकडा हाती असेल तर नगरसेवकाला जाबही विचारता येतो आणि फ्रीज किती उंच ओट्यावर ठेवायचा हेही ठरवता येते.

आणि तो आकडा आमच्या भिंतीवरच होता. पाणी ओसरल्यावर चिखलाची एक सरळ रेघ राहिली होती, टीव्हीच्या टेबलाच्या वर. दिवाळीपूर्वी बाबांनी घर रंगवून घेतले आणि ती गेली. आसपासच्या बहुतेक घरांनी तेच केले, कारण ती आठवण कोणालाही डोळ्यांसमोर नको होती. ब्रिस्बेनमध्ये जुन्या पुरांची उंची खांबांवर तारखेसह कोरलेली दिसते. मी बाबांना फोटो पाठवायला सांगितले. त्या दिवशी काकूंच्या मुलाने काढलेल्या एका फोटोत रेघ स्पष्ट दिसते. त्यावरून मोजून आम्ही जिन्याच्या भिंतीवर, रंगाच्या डब्यातून उरलेल्या निळ्या रंगाने, ती पुन्हा ओढली आणि शेजारी तारीख लिहिली. आता शेजारचे दोघे जण आपापल्या घरांचे फोटो शोधत आहेत.