माशाला पोहायला कोण शिकवतंय, मामा?

आठ दिवसांपूर्वी मामांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर 'जसं आलं तसं पाठवतोय', खाली भाताच्या लोंब्या आणि हात जोडलेले. त्याआधी तोच मेसेज मला सोसायटीच्या ग्रुपवर आला होता, ऑफिसातल्या एकाकडूनही आला होता. दोन्ही वेळा सोडून दिला. पण मामा जुन्नर तालुक्यात खरोखर शेती करतात. सोयाबीन, कांदा, थोडा टोमॅटो, चार गाई. आणि मामींकडून कळलं की त्याच मेसेजच्या जोरावर त्यांनी कृषी महाविद्यालयाच्या चौथ्या वर्षाच्या एका मुलीला ओट्यावरूनच परत पाठवलं. ती बिचारी हवामान बदलाला तोंड द्यायला शेतकऱ्यांना कसलं प्रशिक्षण लागेल, हे विचारत गावात फिरत होती. आता मात्र उत्तर देणं आलं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. दुष्काळ, अवकाळी पूर्वीही होते, हवामान बदल हे नवं थोतांड. नक्षत्रं हजारो वर्षं चुकलेली नाहीत. पाऊस पडला की पेरायचं, त्यात शिकायचं काय? 'तुम्हाला कोणतं प्रशिक्षण हवं' असं विचारत फिरणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं, निधी जिरवायचा धंदा. मोबाईलवर सगळं कळतं. आणि शेवटी, असं कोणी दारात आलं तर माहिती देऊ नका, अनुदान बंद होईल.

पहिल्या मुद्द्यात अर्धं खरं आहे. 1972 चा दुष्काळ आमच्या आजीच्या बोलण्यात शेवटपर्यंत होता. पण पुण्यात पाषाणला असलेल्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये 1950 ते 2015 चा पाऊस मोजून दाखवला. मध्य भारतात, आणि त्या पट्ट्यात महाराष्ट्रही येतो, मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. म्हणजे उघडीप लांबते आणि पडतो तेव्हा बांध फोडून जातो. हे 'पूर्वीही होतं' खरं, पण इतकं नव्हतं. थोतांड म्हणणाऱ्याने पाषाणला जाऊन भांडावं, पीएमटीने जाता येतं.

नक्षत्रांचा मुद्दा मी सोडणार नाही, कारण नुकसान करणारा तोच आहे.

आधी 'हजारो वर्षं न चुकलेली' हे घ्या. सूर्य मृगात शिरतो साधारण 7-8 जूनला. पण नक्षत्रं बांधलेली ताऱ्यांना आणि पाऊस बांधलेला ऋतूंना. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्याला परांचन म्हणतात. त्यामुळे या दोघांत दर 72 वर्षांनी सुमारे एका दिवसाचा फरक पडतो. हजार वर्षांत चौदा दिवस. हजार वर्षांपूर्वी मृग लागायचा तो आजच्या हिशेबाने 25 मेच्या आसपास! तेव्हा त्या काळच्या शेतकऱ्याने आपला मृग आणि आपला पाऊस बघूनच ठोकताळे बसवले असणार, आणि पुढच्यांनी ते हळूहळू सरकवले असणार. 'पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा' म्हणणारा माणूस बघत होता, मोजत होता. फॉरवर्ड करत नव्हता.

दुसरं, मेसेजमध्ये मृगही आहे आणि 'पाऊस पडला की पेरा'ही आहे. 2025 साली मोसमी पाऊस मुंबईत 26 मेला पोचला. मृगाला अजून दहा-बारा दिवस होते. मग मामा, त्या वर्षी यातलं कोणतं वाक्य पाळायचं होतं?

सोयाबीनसाठी कृषी विभागाची शिफारस साधी आहे: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. वरची चार बोटं भिजली आणि पेरलं, पुढे उघडीप पडली, की बी कोंब काढून जळतं. दुबार पेरणी म्हणजे काय हे मामांना मी सांगायला नको. पण 75 मिलिमीटर झाला हे कळणार कसं? सरळ भिंतींचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवायचा आणि सकाळी आत पट्टी उभी धरायची. एवढंच. मी मामांना विचारलं, असं कधी केलंत? "अगं, माती बघितली की कळतं." बरं.

पाऊस येण्याइतकाच जाण्याचाही घोळ आहे. 2020 मध्ये हवामान खात्याने स्वतःचंच वेळापत्रक बदललं. मुंबईतून पाऊस परतायची सरासरी तारीख 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर नेली. तो म्हणजे हत्तीचा, हस्त नक्षत्राचा पाऊस, आणि तेव्हाच सोयाबीन काढणीला येतं. 2019 च्या ऑक्टोबरात उभं आणि कापलेलं सोयाबीन भिजलं, आणि 2020 च्या खरिपात राज्यभर 'बियाणं उगवलंच नाही' अशा तक्रारींचा ढीग लागला. काढणीचा पाऊस पुढच्या वर्षीच्या पेरणीत असा बाहेर पडतो. यावरचा उपाय घरातच आहे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं, सहा-सात दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीचं बियाणं पुरतं. कमी उगवले तर वाढवायचं, फारच कमी असतील तर ते बियाणंच सोडायचं.

आता खरा मुद्दा. उगवण तपासणी माहीत आहे का, असं विचारलं तर गावात सगळे हो म्हणतात. यंदा केली का, असं विचारलं की सगळे बांधाकडे बघतात. प्रशिक्षणाची गरज शोधणं म्हणजे हे अंतर शोधणं. गॅरी बोरिच या अमेरिकन अभ्यासकाने 1980 मध्ये शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी याची एक रीत मांडली. एकेका कामाबद्दल दोनदा विचारायचं: हे किती महत्त्वाचं आहे, आणि तुम्हाला कितपत जमतं? जिथे महत्त्व जास्त आणि जमणं कमी, तिथे आधी शिकवा. शेतीतही हीच रीत चालते. कधी उत्तर येतं की प्रशिक्षण नकोच आहे. रुंद वरंबा-सरीचं, म्हणजे रुंद वाफे आणि मधे सऱ्या पाडणारं यंत्रच गावात नसेल, तर त्यावर तीन तासांचं व्याख्यान देऊन काय होणार? तेही विचारल्याशिवाय कळत नाही.

निधी जिरवण्याबद्दल मात्र मी मेसेजवाल्याशी भांडणार नाही. मी स्वतः एका तालुक्याच्या गावी असं प्रशिक्षण बघितलंय. दहा वर्षं ठिबक वापरणाऱ्यांना ठिबक म्हणजे काय ते सांगितलं, पडद्यावर ध्रुवीय अस्वल, मग चहा, पिशवी, बॅनरपुढे फोटो. बायका मागच्या रांगेत. पण हे असं झालं ते कोणाला काय हवंय हे आधी विचारलं नाही म्हणून! ज्या वाया गेलेल्या दिवसाचा राग येतो तो टाळायलाच ती मुलगी वही घेऊन आली होती, आणि तुम्ही नेमकं तिलाच हाकललंत.

मोबाईलवर सगळं कळतं म्हणे. केंद्राच्या नमुना पाहणीच्या 70व्या फेरीत, म्हणजे 2012-13 मध्ये, देशातल्या सुमारे 59 टक्के शेतकरी कुटुंबांना कुठूनही तांत्रिक सल्ला मिळाला नव्हता. त्यानंतर फोन आले हे खरं. पण फोन मामांच्या खिशात असतो आणि बियाण्याला औषध मामी चोळतात. मी मामींना फोनवरच दोन प्रश्न विचारले: औषध कोण आणि कसं लावतं, आणि शिकवायचं तर कधी, कुठे? त्या म्हणाल्या, "औषध मीच लावते, हातानंच. मोजे कुठले? आणि शिकवायचं तर दुपारी दोन ते चार, गावातच. तालुक्याला नेलं तर धारेला कोण बसणार?" दोन मिनिटांत तीन गरजा कळल्या. यासाठी कोणतं ॲप आहे?

शेवटच्या मुद्द्यातली सावधगिरी तेवढी ठेवा. आधार, बँकेचा नंबर, ओटीपी कोणालाही देऊ नका. पण बियाणं तपासता का, एवढं सांगितल्याने कोणाचं अनुदान बंद होत नाही.

हे मी ग्रुपवर टाकलं नाही, मामांना फोन करून बोलले. ते म्हणाले, "तुम्हा पुण्यातल्यांना बोलायला काय जातंय." तरी त्या दिवशी मामींनी गोणपाट भिजवलं. आज सकाळी त्यांचा फोन आला, शंभरात एकसष्ट. मागून मामांचा आवाज येत होता, "नीट मोज, परत मोज."