खुलासा : विल्सन कॉलेजची इमारत १८३२ची नव्हे

गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजच्या फोटोखाली ‘ब्रिटिश अधिकारी जॉन विल्सन यांनी १८३२ साली ही इमारत बांधली’ असा मजकूर फिरतो आहे. साल तेवढं खरं आहे, पण ते संस्थेचं. इमारत पूर्ण झाली १८८९ मध्ये, आणि विल्सन तर १८७५ सालीच मुंबईत वारले होते. १८३२ मध्ये त्यांनी काढली ती गिरगावातल्या आंब्रोळीची इंग्रजी शाळा. हायस्कूल आणि कॉलेज पुढे त्यातूनच वाढलं.

‘अधिकारी’ हेही चूक. १८२९ मध्ये मुंबईत आलेले ते स्कॉटिश मिशनरी. शाळा चालवण्यामागे धर्मप्रसाराचा हेतू होता, तो झाकण्यात अर्थ नाही. १८३९ मध्ये पारशी विद्यार्थ्यांच्या धर्मांतराचं प्रकरण थेट कोर्टात गेलं आणि पालकांनी मुलं धडाधड काढून घेतली. तरी शाळा बंद पडली नाही. १८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं. विल्सन नव्या फ्री चर्चकडे गेले, त्यामुळे शाळेची जागाही सोडावी लागली आणि बस्तान पुन्हा बसवावं लागलं. मुलींच्या शाळा मात्र त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी उभ्या केल्या. फॉरवर्डमध्ये त्यांचं नावच नाही.

आणखी एक गोष्ट त्या मजकुरात हवी होती. गिरनारच्या अशोकलेखाचा कापडावर घेतलेला ठसा ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपकडे पोहोचला तो याच विल्सन यांच्यामार्फत.