तिसरा मजला, कोथरूड

परवा आई फोनवर म्हणाली, "आज भाजीला उतरले नाही गं, संध्याकाळी संघात जायचंय." तिचं वय ७९. घर पुण्यात, कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, पायऱ्या चोपन्न. गुडघ्यांशी तिचा करार झालाय, दिवसातून एकदाच उतरायचं. बाकी बाई ठणठणीत. बँकेचे व्यवहार मोबाइलवर करते, ज्येष्ठ नागरिक संघाचा जमाखर्च लिहिते आणि कुणाची वर्गणी थकली आहे हे तोंडपाठ सांगते.

मी तोक्योत, एदोगावा वॉर्डात राहते. त्यामुळे 'मुलं परदेशात आणि आईबाप वाऱ्यावर' हा पुण्याचा आवडता वाद रंगला की आरोपीच्या पिंजऱ्यात मीच. व्हॉट्सअ‍ॅपवर मी, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकांसमोरही मीच. मी निर्दोष आहे असं म्हणत नाही. आईचा हात मोडला तेव्हा मला पोचायला तीन दिवस लागले. पण हा वाद संस्कारांपासून सुरू होतो आणि वृद्धाश्रमापाशी संपतो. मधल्या चोपन्न पायऱ्यांबद्दल कुणी बोलत नाही.

आमच्या शेजारी ८४ वर्षांच्या आजी एकट्या राहतात. गेल्या वर्षी त्यांना न्हाणीघरातून बाहेर पडताना तोल सावरेना. केअर मॅनेजर, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीची आखणी करणाऱ्या बाई आल्या, आजींना दोनचार वेळा उठायला-बसायला लावलं आणि त्यांचा हात आपसूक जिथे भिंतीवर टेकत होता तिथे चिकटपट्टी लावली. मंजुरी आली, सुताराने नेमका त्याच उंचीवर कठडा बसवला. घरातल्या अशा बदलांसाठी इथे दोन लाख येनांपर्यंतचा खर्च धरतात. आजींनी त्यातला एक दशांश भरला. पैसे येतात २००० साली सुरू झालेल्या काळजी विम्यातून, म्हणजे म्हातारपणीच्या देखभालीसाठीच्या सरकारी विम्यातून, आणि त्याचा हप्ता चाळिशीपासून प्रत्येकाला पडतो, माझ्याही पगारातून कापला जातो. म्हणजे आजींच्या कठड्यात माझे चार येन आहेत. आईच्या जिन्यात कुणाचेच नाहीत. तिथला कठडा दुसऱ्या मजल्यावरच संपतो. पुढे भिंतीला हात धरून चढायचं. भिंतीवर त्या उंचीला एक काळपट पट्टा उमटलाय, रंगकाम झालं की वर्षभरात पुन्हा उमटतो.

आमच्या वॉर्डाची आणखी एक गोष्ट मला आवडते. साठी ओलांडलेल्यांना हलकीफुलकी, मोबदल्याची कामं मिळवून देणारी संस्था जपानात पहिल्यांदा इथेच, १९७५ साली निघाली. आता तशी केंद्रं देशभर आहेत. गवत काढणं, सायकल-पार्किंग सांभाळणं, अशी कामं. आणि वॉर्ड या लोकांना म्हणतो 'जुकुनेन', म्हणजे पिकलेल्या वयाचे. आपल्याकडेही पिकतंच, पण आपण लगेच पान म्हणतो आणि गळायची वाट बघतो.

एवढं सांगितलं की पुण्यातली मंडळी म्हणतात, मग जपानच बरं! नाही हो. पोलिसांच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये घरी एकट्याने मेलेल्या पासष्टीपुढच्या माणसांची संख्या जपानात ५८ हजारांवर होती. शेजारच्या आजींच्या घराचा उंबरा मी इतक्या वर्षांत एकदाही ओलांडलेला नाही. आईचा हात मोडला तेव्हा मी विमानतळावर पोचायच्या आत खालच्या काकूंचा डबा वर गेला होता, संघातल्या दोघी पाळी लावून रात्री झोपायला येत होत्या. यासाठी कुणी अर्ज केला नव्हता. हे तोक्योला कितीही हप्ते कापून जमणार नाही.

माझी तक्रार अशी की या काकूंच्या जिवावर पुणं निवांत बसलंय. २००७ च्या कायद्याने आई माझ्याकडून निर्वाहासाठी महिना दहा हजारांपर्यंत मागू शकते. फूटपाथवर आडव्या लावलेल्या स्कूटरविरुद्ध तिने कुठे दाद मागायची? ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना राज्यभर एसटी फुकट आहे. उत्तम योजना. आई कोल्हापूरला फुकट जाऊ शकते, फक्त स्वारगेटच्या एसटी स्टँडपर्यंत पोचू शकत नाही, कारण पीएमपीची, म्हणजे शहरातली बस थांब्यापासून चार हात लांब, रस्त्याच्या मधोमध उभी राहते आणि तिची पहिली पायरी आईच्या गुडघ्याला येते. जमत नाही असंही नाही. जंगली महाराज रस्त्याचे फूटपाथ रुंद झाले, बाकं आली, तर तिथे म्हातारी माणसं संध्याकाळी बसलेली दिसतातच की.

लिफ्टचा विषय सोसायटीत सहा वर्षं चाललाय. तळमजल्यावाले म्हणतात, आम्ही वर्गणी का द्यायची? पहिला मजला म्हणतो, थांबा, रीडेव्हलपमेंट होणारच आहे. रीडेव्हलपमेंट म्हणजे ऐंशीव्या वर्षी दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात आणि संघ, काकू, भाजीवाला सगळं सुटणार. लिफ्टचा माझा हिस्सा मी कधीच देऊ केलाय, खालच्या दोन घरांचाही देईन म्हटलं. तर एक सभासद म्हणाले, "परदेशातला पैसा दाखवू नका."

येत्या रविवारी पुन्हा सभा आहे, खाली पार्किंगमध्ये, सकाळी दहाला. संघाची सहल त्याच दिवशी दुपारी आहे. आईने सहलीचे पैसे परत घेतले.