बटण दाबलं की अँटेना?

काल रात्री भाच्याने एक फॉरवर्ड पाठवला, खाली प्रश्न: "मामा, मग आम्ही मायक्रोवेव्हचा पेपर कशाला देतोय?" फॉरवर्डचा दावा असा की, धातूच्या थ्रीडी प्रिंटरमुळे मिलिमीटर लहरींचा (काही मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी) मल्टिबीम अँटेना, म्हणजे एकाच वेळी अनेक दिशांना बीम (झोत) सोडणारा, बटण दाबून निघतो, हवा तो आकार, चार बीम म्हणजे चौपट ताकद, लहरी भिंतीही भेदतात, आणि अँटेना जितका छोटा तितका उत्तम.

भिंतीचं आधी उरकतो. २८ गिगाहर्ट्झचा सिग्नल काँक्रीटपुढे गुडघे टेकतो. पुढे.

चौपट ताकद आली कुठून? असे बीम घडवतं ते अँटेनामागचं मॅट्रिक्स; बटलर आणि लो यांनी १९६१ साली मांडलेल्या मॅट्रिक्समध्ये नुसते कपलर (पॉवर वाटणारे) आणि फेज शिफ्टर (लहर थोडी मागेपुढे सरकवणारे). पॉवर वाढवणारं काहीच नाही. एका पोर्टात (आत शिरायच्या तोंडात) सोडलेली पॉवर अँटेनाच्या चार घटकांत समान वाटली जाते, प्रत्येकापाशी ठरावीक फेजफरकाने पोचते आणि बीम एका बाजूला झुकतो. पोर्ट बदला, दिशा बदलते. एकच ट्रान्समीटर चार पोर्टांत वाटलात तर प्रत्येक बीमला पाव वाटा, म्हणजे ६ डेसिबल कमी! हां, प्रत्येक बीमला अख्खं अपर्चर (अँटेनाचं लहरी सोडणारं तोंड) मिळतं आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर चार दिशांना वेगळा डेटा जातो, एवढं खरं.

आणि छोटा तितका उत्तम? गेन (एका दिशेला पॉवर एकवटण्याची क्षमता) अपर्चरच्या क्षेत्रफळाला बांधलेला. ते निम्मं केलंत की ३ डेसिबल गेले. आटोपशीर होतं ते मागचं फीड नेटवर्क, म्हणजे पॉवर पोचवणारं ते मॅट्रिक्स. तिथे प्रिंटर खरंच कामाचा, कबूल. सपाट मॅट्रिक्समध्ये वाटा एकमेकींना छेदतात. छापताना एक वेव्हगाइड (लहरी वाहून नेणारी धातूची पोकळ नळी) दुसऱ्याच्या वरून नेता येतं, जोड नाहीत, फटीतून गळती नाही.

पण "हवा तो आकार"? ७.११ बाय ३.५६ मिलिमीटरची आयताकृती नळी आम्ही एकदा आहे तशी, आडवी छापायला दिली. (आम्ही म्हणजे मीच.) लॉस (वाटेत वाया जाणारी पॉवर) काही केल्या गणिताशी जुळेना, म्हणून तुकडा वायरकटवर (तारेने धातू कापणाऱ्या मशीनवर) उभा चिरला. छत खाली झुकलेलं, त्याला अर्धवट वितळलेल्या पावडरीचे गोळे लोंबलेले, एका वळणात सुटी पावडर तशीच अडकलेली. आडव्या छताखाली घट्ट आधार नसतो, नुसती पावडर असते. म्हणून छत ४५ अंशांत उतरतं काढावं लागतं. मग कटऑफ (ज्या फ्रिक्वेन्सीखाली नळीतून लहर जातच नाही ती) सरकतो, कपलर पुन्हा सिम्युलेट करा. त्यात ३० गिगाहर्ट्झला करंट तांब्यातसुद्धा पृष्ठभागाच्या जेमतेम ०.३८ मायक्रॉनात वाहतो, आणि पॉलिश न केलेल्या छपाईचे खाचखळगेच कित्येक मायक्रॉनचे. पॉलिश करायचं, तर किती धातू निघेल ते ड्रॉइंगमध्येच धरायला हवं.

भाच्याला लिहिलं: पेपर दे. आणि कटऑफ ऑप्शनला टाकू नकोस.