वरील सर्व नावे माझीच

गेल्या मंगळवारी दुपारी शिवाजीनगर न्यायालयाबाहेर, ५०० रुपयांच्या मुद्रांकावर, मी सत्य प्रतिज्ञेवर असे लिहून दिले की मी म्हणजे मीच आहे. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत मला या गोष्टीची कधी शंका आली नव्हती आणि घरच्यांनीही तशी तक्रार केलेली नव्हती. असे असूनही मला एकदा नव्हे, तर त्याच दुपारी दोनदा तसे लिहून द्यावे लागले, आणि त्या दुसऱ्या ५०० रुपयांचा राग अजून गेलेला नाही.

हकिगत थोडक्यात अशी की, जर्मनीतल्या स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली, मी हो म्हटले, आणि युरोपीय संघाच्या ‘ब्लू कार्ड’साठी, म्हणजे तिथे राहून नोकरी करण्याच्या परवान्यासाठी, लागणारे कागद जमवायला लागलो. पदवी, गुणपत्रके, अनुभवाचे दाखले, नोकरीचा करार, आरोग्यविमा आणि ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, ज्यांत हसायचे नसते. फोटोचे काम सर्वांत लवकर झाले, कारण न हसण्यासाठी मला त्या आठवड्यात वेगळे प्रयत्न करावे लागले नाहीत. पदवीवर ‘पुणे विद्यापीठ’ असे छापलेले आहे आणि २०१४ पासून तेच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे, एवढे सांगणारी दोन ओळींची ई-मेल मी पाठवली आणि ती विनातक्रार स्वीकारली गेली. सबंध विद्यापीठाचे नाव बदलले तरी ते तेच राहते, हे लोकांना पटते. माझ्या बाबतीत ते पटले नाही.

कागद तपासायला कंपनीने एक एजन्सी नेमली आहे. तिथल्या एका मुलीचा फोन आला आणि ती अतिशय गोड आवाजात म्हणाली, “सर, तुम्ही चुकून तीन वेगवेगळ्या लोकांची सर्टिफिकेट्स अपलोड केली आहेत.”

माझे नाव हृषीकेश. देवनागरीत ते लिहिताना निम्मा महाराष्ट्र चुकतो, पण रोमन लिपीत ते बरोबर लिहायची सोयच नाही. आपण मराठी माणसे ‘ऋ’चा उच्चार ‘रु’ करतो, उत्तरेकडे तो ‘रि’ होतो, आणि माझे नाव या दोन उच्चारांच्या मधोमध आयुष्यभर लोंबकळत राहिले आहे. दहावीच्या २००० सालच्या प्रमाणपत्रावर शाळेच्या कारकुनांनी मराठी उच्चाराला जागून ‘एच-आर-यू’ने सुरुवात केली. अभियांत्रिकीला प्रवेश घेताना मी स्वतःच, इंग्रजी वर्तमानपत्रांतले रूप जास्त भारदस्त वाटल्यामुळे, ‘एच-आर-आय’ असे लिहिले आणि तेच पदवीवर आले. पुढे पासपोर्ट काढून देणाऱ्या एजंटाने “एच कशाला घालता, त्याचा उच्चार कोण करतो?” असा बिनतोड मुद्दा मांडून सरळ ‘आर-यू’ भरले, आणि मीही घाईत त्याखाली सही केली. आडनाव तिन्ही कागदांवर एकच आहे, हे मी त्या मुलीला सांगितले. वडिलांचे नाव मात्र मी काढले नाही. त्यांचे नाव श्रीकृष्ण आहे, म्हणजे त्यातही ‘कृ’ आहे, आणि तिकडे तिचे लक्ष अजून गेलेले नाही.

मला मनातून लागले ते हे की, ज्या देशासाठी हा खटाटोप चालला आहे त्या देशाला एका माणसाची दोन स्पेलिंगे मुळीच नवीन नाहीत. जर्मनीतल्या म्युलर आडनावाच्या गृहस्थाच्या पासपोर्टवर वरच्या भागात ‘यू’वर दोन टिंबे असतात आणि त्याच पानाच्या तळाशी, यंत्राने वाचायच्या ओळीत, ती टिंबे जाऊन ‘यू-ई’ येते. एकाच पानावर तो दोन प्रकारे नांदतो आणि कोणी त्याला नोटरीकडे धाडत नाही. आपल्या बोट क्लब रोडवर ज्याच्या नावाचे भवन आहे आणि जिथे मी दर शनिवारी जर्मन विभक्त्यांशी झुंजलो, त्या माक्स म्युलरचेही असेच. जन्म डेसाऊचा, आयुष्य ऑक्सफर्डला गेले, भारतात एकदाही पाऊल ठेवले नाही. पण ऋग्वेदाचे संपादन करून तो छापला त्याने. म्हणजे निदान ‘ऋ’ हे अक्षर तिकडच्या विद्वानांना परके नव्हते. हे सर्व मी त्या मुलीला फोनवर, मला वाटते, बऱ्यापैकी ओघवत्या शैलीत ऐकवले. ती शांतपणे म्हणाली, “ओके सर. मग ॲफिडेव्हिट कधीपर्यंत मिळेल?”

म्हणून मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी शिवाजीनगरला गेलो. जे काम पूर्वी १०० रुपयांच्या मुद्रांकावर होत असे त्याला ऑक्टोबर २०२४ पासून ५०० लागतात, हे मुद्रांक विक्रेत्याने मला अशा सुरात सांगितले की जणू मधल्या काळात माझ्या खरेपणाची किंमत पाचपट झाली. टंकलेखकाने आधीच्या कोणाचा तरी मजकूर संगणकावर उघडला, त्यातला माणूस पुसून त्या जागी मला घातले आणि कागद छापून हातात दिला. नोटरी वकील जेवायला गेले होते. मी बाकावर बसलो.

बाकावर आधीपासून एक काका बसलेले होते. पंचाहत्तरी ओलांडलेली, अंगात पांढरा सदरा, मांडीवर कापडी पिशवी, आणि खिशाला दोन पेने, एक निळे व एक लाल. त्या लाल पेनाकडे मी तेव्हाच नीट पाहायला हवे होते.

“काय काम काढलेत?” त्यांनी विचारले. मी सांगितले, आणि सभ्यपणे त्यांचे काम विचारले.

“माझे हयातीचे आहे,” असे म्हणून त्यांनी उजवा अंगठा माझ्या चष्म्यापुढे धरला. तो अंगठा वापरून वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होता आणि त्यावर एक रेघ म्हणून नव्हती. “यंत्राला हा दिसत नाही. छापखान्यात जुळारी म्हणून लागलो, चौदा वर्षे खिळे जुळवले, मग मुद्रितशोधक झालो. रेषा सगळ्या शिशाने खाल्ल्या. आता दर वर्षी पेन्शनसाठी मी जिवंत आहे हे कागदावर द्यावे लागते.”

“म्हणजे तुम्ही जिवंत आहात हे सिद्ध करायचे, आणि मी मीच आहे हे मला,” मी म्हणालो.

त्यांनी क्षणभर विचार केला. “माझे सोपे आहे,” ते म्हणाले. “बघू तुमचा कागद.”

पुण्यात ज्येष्ठ माणसाने ‘बघू’ म्हटले की कागद द्यायचा असतो, तो मी दिला. ओळीखाली नख सरकवत त्यांनी पहिले दोन परिच्छेद वाचले आणि तिसऱ्यावर नख थांबले.

“हे चौथे कोण?”

मी वाकून पाहिले. टंकलेखकाने वरच्या तीन नावांत कसर नको म्हणून खाली, सही करायच्या जागी, ‘आर-आय’ने सुरू होणारे चौथे नाव छापले होते. एच घालून दोन आणि एच गाळून दोन, अशा चारही शक्यता आता पूर्ण झाल्या होत्या. तीन माणसे एकच असल्याचे शपथेवर सांगणाऱ्या त्या कागदावर भलताच कोणी चौथा सही करणार होता. काकांची नजर खरोखर थोर होती, हे मी आजही मान्य करतो. मी त्यांचे आभार मानले. तिथेच थांबलो असतो तर बरे झाले असते.

“मुळात तुम्हाला तुमचे नाव माहीत आहे का?” त्यांनी विचारले. “लोक ऋषिकेश लिहितात. ते उत्तराखंडातले गाव. ऋषींच्या केसांशी तुमचा काही संबंध नाही. हृषीक म्हणजे इंद्रिय, त्यांचा जो ईश तो हृषीकेश. षी दीर्घ. संध्येतली चोवीस नावे येतात?”

मी गप्प राहिलो. त्यांनी झिजलेला अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवीत मोजायला सुरुवात केली: केशव, नारायण, माधव, गोविंद, विष्णू, मधुसूदन, त्रिविक्रम, वामन, श्रीधर. “आणि हृषीकेश. दहावे. आता तुमच्या या कागदावर षी कुठे दीर्घ आहे ते दाखवा.”

“काका, ते इंग्रजी आहे.”

“इंग्रजीत दोन ई घालता येतात.”

“पण पासपोर्टवर असेच आहे.”

“पासपोर्ट चुकला आहे,” काका म्हणाले. भारत सरकारचा निर्णय इतक्या थंडपणे फिरवलेला मी याआधी पाहिला नव्हता.

नेमका तेव्हाच एजन्सीच्या मुलीचा निरोप आला आणि मी फोनमध्ये डोके घातले. फार तर दोन मिनिटे गेली असतील. मान वर केली तेव्हा काका लाल पेनाला टोपण लावत होते. माझ्या ५०० रुपयांच्या मुद्रांकाच्या समासात काकपदे, खोडण्याची शेपटीवाली खूण, अक्षर वाढवण्याची खूण, असे सगळे मुद्रितशोधन अतिशय सुबक हाताने उमटलेले होते. त्यांनी चौथे नाव तर दुरुस्त केलेच होते, पण एकदा पेन उघडल्यावर वरची तीनही नावे दोन ई घालून एकसारखी केली होती. त्यामुळे प्रतिज्ञापत्राचा अर्थ आता असा झाला होता की हृषीकेश, हृषीकेश आणि हृषीकेश ही तीनही नावे एकाच व्यक्तीची आहेत. याबद्दल जगात कोणाचेच दुमत नव्हते.

“अहो, हा स्टँप पेपर आहे!” माझा आवाज चढला.

“चुकीचे ते चुकीचे,” काका म्हणाले. “पाचशेच्या कागदावर छापले म्हणून ते बरोबर होत नाही.”

जेवून आलेल्या नोटरी वकिलांनी त्या कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि “खाडाखोड चालणार नाही” एवढेच म्हणाले. काका ओशाळले असावेत, कारण त्यांनी पिशवीतून पाकीट काढून १०० रुपयांची नोट पुढे केली. उरलेल्या ४०० चे काय, असे माझ्या चेहऱ्यावर उमटले असणार. “पूर्वी शंभरालाच यायचा,” ते म्हणाले. मी ती नोट घेतली नाही, आणि त्याचा मला अजून थोडा पश्चात्ताप होतो. ज्या चुकांसाठी हे सर्व चालले होते त्यांपैकी एक कारकुनाची होती, एक एजंटाची, एक माझी आणि एक टंकलेखकाची, पैसे मात्र चारही चुकांचे मीच भरले, आणि मुद्रांक विक्रेत्याने दुसरा कागद देताना वहीत माझे नाव लिहायला घेऊन विचारले, “कसे लिहायचे?”

दुसरे प्रतिज्ञापत्र मी छातीशी धरून आत नेले. शिक्का बसला, नोंदवहीत सही झाली आणि मी निघालो, तोच बाहेरून काकांची हाक आली. त्यांची ओळख पटवायला येणारे शेजारी आलेच नव्हते आणि वकिलांना काकांना ओळखणारा एक माणूस हवा होता.

“तुम्ही यांना ओळखता?” वकिलांनी विचारले.

“आता ओळखतो,” मी म्हणालो.

समोर काकांच्या हयातीचा कागद आला. पेन टेकवताना माझा हात अडला, कारण चारांपैकी कोणत्या नावाने सही करायची ते मला उमगेना, आणि पासपोर्टवरची सही वेगळी आहे हेही मधेच आठवले. काकांनी माझी अडचण ओळखली. “मराठीत करा,” ते म्हणाले. मी ‘हृषीकेश’ असे लिहिले, षी चांगली दीर्घ काढली, आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, नख अक्षरांखालून हळूहळू पुढे सरकले, आणि शेवटच्या ‘श’पाशी थांबले.

“शिरोरेषा तुटली आहे,” ते म्हणाले.