‘दोन डगरींवर पाय’ हे चित्र चुकीचे का आहे

पाश्चात्य देशांत वाढणाऱ्या मुस्लिम मुलांविषयीचा एक मजकूर व्हॉट्सॲपवरून आणि भाषणांतून सतत फिरत असतो, आणि विशेष म्हणजे हिंदू आणि मुस्लिम दोघेही तो सारख्याच खात्रीने पुढे पाठवतात. त्याचा आशय असा, की ही मुले दोन डगरींवर पाय ठेवून उभी आहेत. एका बाजूला मद्य आणि मोकळीक असलेले पाश्चात्य जीवन, दुसऱ्या बाजूला आईवडिलांचा धर्म, आणि दोन्ही एकत्र नांदणे अशक्य. त्यामुळे ही मुले शेवटी एक तर धर्म सोडतात किंवा कट्टर होतात, आणि मुलींच्या हाती तर काहीच नसते. कोकणातल्या अनेक मुस्लिम घरांतली माणसे ब्रिटनमध्ये स्थायिक झाली असल्याने हा मजकूर आमच्या घरगुती गटांतही येतो, आणि सुट्टीत गावी आलेल्या भाचरांकडे नातेवाईक त्याच नजरेने पाहू लागतात. म्हणून त्यातली विधाने ब्रिटनपुरती तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

‘एक तर हे, नाही तर ते’ या पहिल्याच विधानाचे उत्तर क्रिकेट पाहणाऱ्या कोणालाही देता येईल. १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर इंग्लंडने विश्वचषक जिंकला, तेव्हा शॅम्पेन उडवण्याची वेळ येताच मोईन अली आणि आदिल रशीद हे संघातले मुस्लिम खेळाडू व्यासपीठावरून शांतपणे बाजूला झाले. संघातल्या कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. रशीद ब्रॅडफर्डचा, मोईन बर्मिंगहॅमचा; दोघेही मिरपुरी, म्हणजे पाकिस्तानच्या ताब्यातील काश्मीरमधल्या मिरपूर भागातून आलेल्या कुटुंबांतले. २०२२ साली रशीदने हजला जाण्यासाठी भारताविरुद्धच्या मालिकेतून रजा मागितली आणि क्रिकेट मंडळाने ती दिली. या दोघांना प्रसिद्धीचे कवच होते, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्तही आहे. पण सामान्य मुलांचीही गोष्ट फार वेगळी नाही. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ३९ लाख मुस्लिम आहेत, त्यांपैकी निम्मे तिथेच जन्मलेले आहेत, आणि त्यांचे मध्यक वय अवघे २७ आहे, म्हणजे निम्मे त्याहून लहान आहेत. या मुलांच्या दृष्टीने ब्रिटन हा ‘दुसरा’ देश नाहीच. शाळा, फुटबॉल, मशीद आणि शनिवारची अर्धवेळ नोकरी हे सारे त्यांच्या एकाच आठवड्यात बसते.

खरा पेच कुठे पडतो, हे पाहायचे असेल तर मद्यालयाऐवजी विद्यापीठाच्या शुल्काकडे पाहावे लागेल. २०१२ पासून इंग्लंडमधील विद्यापीठे वर्षाला ९,००० पौंडांपर्यंत शुल्क घेऊ लागली आणि बहुतेक विद्यार्थी ते सरकारी कर्जातून भरू लागले. या कर्जावर व्याज असते. व्याज देणे-घेणे हराम मानणाऱ्या घरातल्या, उत्तम गुण मिळवलेल्या अठरा वर्षांच्या मुलीपुढे त्यामुळे अगदी नेमका प्रश्न उभा राहतो. कर्ज घ्यावे की पदवीचा विचार सोडावा, की आधी काही वर्षे नोकरी करून पैसे साठवावेत, की काकांकडून बिनव्याजी उसने मागावेत? काही मुले मौलवींचे मत घेऊन, गरज म्हणून कर्ज घेतात आणि मनात टोचणी बाळगतात. काही घेतच नाहीत. २०१३ मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनी व्याजमुक्त पर्याय आणण्याचा मानस जाहीर केला. २०१४ मध्ये सरकारने लोकांची मते मागवली तेव्हा सुमारे २०,००० प्रतिसाद आले. २०१७ च्या उच्च शिक्षणविषयक कायद्यात तशी तरतूदही झाली, आणि त्यानंतर विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडल्या तरी ती योजना सुरू झाली नाही. ज्या मुलीला धर्मही पाळायचा आहे आणि त्याच देशाच्या विद्यापीठात शिकायचेही आहे, तिची वाट संस्कृतींच्या संघर्षाने अडवलेली नाही. एका सरकारी खात्याची दिरंगाई तिच्या आड आली आहे. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण संस्कृती बदलायला पिढ्या लागतात आणि कर्जाचा नियम मात्र मनात आणले तर बदलता येतो.

मजकुरातला ‘आईवडिलांचा धर्म’ हा शब्दप्रयोग तर सर्वांत जास्त दिशाभूल करणारा आहे. घरात आईवडील ज्याचा आग्रह धरतात, त्यातले बरेचसे गावचे असते. मंगला धरणामुळे १९६० च्या दशकात विस्थापित झालेल्या मिरपूरच्या लोकांनी ब्रॅडफर्डला जाताना बिरादरी, म्हणजे जातीसारखी कुळांची बांधणी, सोबत नेली. लग्न बिरादरीतच, शक्यतो चुलत-मावस नात्यातच व्हावे, हा नियमही तिथलाच. त्याविरुद्ध मुली आज जो युक्तिवाद करतात तो धर्मातूनच आलेला आहे. निकाहाला मुलीची कबुली लागते, जबरदस्तीचा निकाह मान्य होत नाही, जातबिरादरीचा अहंकार इस्लामला मंजूर नाही, हे त्या आईवडिलांना किताबातून दाखवून देतात, आणि दुसऱ्या वंशाचा पण नमाजी असलेला मुलगा निवडतात. आमच्याकडे याचेच धाकटे रूप दिसते. लग्नातली हळद आणि त्या वेळची कोकणी गाणी मामीला जिवाभावाची, तर ब्रिटनमध्ये वाढलेली भाची विचारते, ‘मामी, हे दीनमध्ये (धर्मात) कुठे लिहिलंय?’ मामीच्या नजरेत भाची बिघडलेली असते, परकी झालेली असते. प्रत्यक्षात त्या दोघींत जास्त धार्मिक भाचीच असते. हळदीची गाणी गेली तर मला स्वतःला वाईट वाटेल. पण त्या भांडणाला पश्चिम विरुद्ध धर्म असे नाव देणे म्हणजे ते न समजणेच होय. जबरदस्तीच्या लग्नांचे दुःख अर्थातच खरे आहे आणि २०१४ मध्ये ब्रिटनने तो फौजदारी गुन्हा ठरवला, हे योग्यच झाले.

मुलींच्या हाती काहीच नसते, हे विधान शाळांच्या निकालांपुढे टिकत नाही. सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत बांगलादेशी वंशाच्या मुलांची सरासरी गोऱ्या ब्रिटिश मुलांपेक्षा वर आहे, आणि त्यांच्यातही मुली मुलग्यांच्या पुढे आहेत. अडते ते पुढे. २०१७ साली बीबीसीने एकसारख्याच पात्रतेचे अर्ज ‘ॲडम’ आणि ‘मोहमद’ या दोन नावांनी लंडनमधील १०० नोकऱ्यांसाठी पाठवले. ॲडमला १२ मुलाखतींची बोलावणी आली, मोहमदला ४. मोहमदचा अर्ज बाजूला टाकणाऱ्याला तो नमाज पढतो की नाही, हे ठाऊकही नव्हते.

शेवटचे विधान सर्वांत गंभीर आहे. ओढाताण झालेला तरुण दहशतवादाकडे वळतो, या म्हणण्यासाठी ७ जुलै २००५ च्या लंडन बॉम्बस्फोटांचे उदाहरण दिले जाते. त्या दिवशी ५२ निरपराध माणसे मारली गेली आणि चार हल्लेखोरांपैकी तिघे ब्रिटनमध्येच जन्मलेले होते. यातले काहीही नाकारता येत नाही. पण अशा तरुणांचा अभ्यास खुद्द एमआय-५ या ब्रिटिश गुप्तचर संस्थेने केला, तो २००८ मध्ये वृत्तपत्रांतून बाहेर आला, आणि त्यातला निष्कर्ष या मजकुराच्या नेमका उलट आहे. हिंसेकडे वळलेल्यांपैकी बरेच जण धर्माचे नियमित आचरण करणारे नव्हते, धर्माच्या बाबतीत ते नवखे होते, आणि घट्ट रुजलेली धार्मिक ओळख उलट हिंसेपासून संरक्षण देते, असे त्यात म्हटले होते. २०१३ मध्ये सीरियात लढायला गेलेल्या बर्मिंगहॅमच्या दोघा तरुणांनी निघण्यापूर्वी इस्लामची तोंडओळख करून देणारी प्राथमिक पुस्तके मागवली होती, ही गोष्ट त्यांच्या खटल्यात समोर आली. धर्मात मुरलेल्या तरुणाला अशी पुस्तके मागवावी लागत नाहीत.

या मजकुरात तथ्य अजिबात नाही, असे मी म्हणणार नाही. ज्या मुलांची श्रद्धाच उरलेली नाही किंवा जी समलिंगी आहेत, त्यांची घरातली घुसमट खरी आहे, आणि समाजाने ती झाकून ठेवू नये. तसेच दुःख केवळ निकाह झालेल्या तरुणींचेही आहे. मशिदीत किंवा घरी निकाह लागतो, दावत होते, पण दिवाणी नोंदणी राहून जाते, आणि नवऱ्याने सोडल्यावर कळते की ब्रिटिश कायद्यानुसार हे लग्न झालेलेच नाही. पोटगी आणि घरातला वाटा मागायला आधारच उरत नाही. निकाहाच्या आधी किंवा त्याच वेळी नोंदणी व्हावी, अशी शिफारस शरिया कौन्सिलांच्या, म्हणजे मुस्लिमांचे घटस्फोटासारखे प्रश्न धर्मानुसार हाताळणाऱ्या मंडळांच्या, कामकाजाचा आढावा घेणाऱ्या सरकारी समितीने २०१८ मध्येच केली होती, आणि त्या समितीच्या अध्यक्षा मोना सिद्दिकी या स्वतः इस्लामच्या अभ्यासक आहेत. मुलीचा निकाह ठरवायला ब्रिटनला निघालेल्या आपल्या नातेवाइकांना तो जुना मजकूर पाठवण्याऐवजी नोंदणीची तारीख घेतली आहे का, एवढे विचारावे.